धाकट्या शब्दाचा हात सोडू नका

प्रश्न : मी एका कंपनीत समन्वयाचं काम बघते. दिवसाला वीस-पंचवीस ईमेल इंग्रजीत लिहावे लागतात. शाळेत 'व्हॉइस बदला' या प्रश्नात माझा कधी गुण गेला नाही, पण 'कॉल ऑफ', 'पुट ऑफ', 'लुक इंटू' अशी क्रियापदं आली की हात थबकतो. गेल्या आठवड्यात मी एका ईमेलमध्ये 'द मीटिंग हॅज पुट ऑफ टू मंडे' आणि दुसऱ्यात 'युअर कम्प्लेंट वॉज लुक्ड बाय अवर टीम' असं लिहिलं. एका सहकाऱ्याने दोन्ही वाक्यं बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि हशा पिकला. तेव्हापासून बोलायचीही भीती बसली आहे. अशा क्रियापदांचा पॅसिव्ह करताना तो मागचा छोटा शब्द नेमका कुठे जातो? 'लुक्ड आफ्टर बाय' असे दोन शब्द शेजारी-शेजारी चालतात का? आणि 'आय वॉज ग्रोन अप' चूक का? याद्या पाठ करण्याशिवाय काही मार्ग आहे का? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. व्याकरणाचं नंतर बघू, आधी त्या हशाचं. एखादं वाक्य खटकलं तर बाजूला घेऊन सांगता येतं. भर बैठकीत ते वाचून दाखवणं ही त्या सहकाऱ्याची चूक, आणि ती तुमच्या दोन्ही चुकांहून मोठी आहे. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात मी 'आय वॉज ग्रोन अप बाय माय ग्रँडमदर' असं लिहिलं होतं आणि मुलाखत घेणाऱ्यांनी ते मोठ्याने वाचलं होतं. ती खोली मला अजून आठवते. म्हणून तुम्हाला नुसतं बरोबर-चूक सांगून थांबणार नाही. तुमच्या चुका कुठून आल्या ते दाखवते, कारण त्या दोन्ही तुमच्या चांगल्या मराठीतून आल्या आहेत.

पहिलं वाक्य घ्या. 'द मीटिंग हॅज पुट ऑफ टू मंडे.' लिहिताना तुमच्या मनात असणार, 'बैठक सोमवारवर ढकलली आहे.' मराठीत हे वाक्य पूर्ण आहे. कोणी ढकलली ते सांगितलेलं नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. ढकलणारा वाक्यातून निघून गेला तरी 'ढकलली' या रूपाला धक्का लागत नाही. बैठक ढकलली, कार्यक्रम ढकलला, काम ढकललं. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो, आणि इंग्रजीच्या तासाला 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' असं शिकतो. हे समीकरण खूप घोटाळा करतं. 'मी बैठक पुढे ढकलली' हाही मराठीत कर्मणीच आहे, कारण क्रियापद बैठकीच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. इंग्रजीत मात्र 'आय पुट ऑफ द मीटिंग' हे सरळ ॲक्टिव्ह वाक्य आहे. आपला कर्मणी प्रयोग क्रियापद कोणाच्या तालावर चालतं ते बघतो. इंग्रजी पॅसिव्ह वाक्याच्या पहिल्या जागी कोण बसलं आहे ते बघतो.

इंग्रजीत ती पहिली जागा रिकामी ठेवता येत नाही. तिथे बैठक बसवली, की ती बैठक करणारी आहे की तिच्यावर काही घडलं आहे, हे सांगायची जबाबदारी 'इज, वॉज, बीन, बीइंग' या घराण्यातल्या शब्दावर येते. तो शब्द गळला की बैठक स्वतःच काहीतरी पुढे ढकलते आहे असा अर्थ होतो. म्हणून 'द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ.' तुमच्या वाक्यात एवढा 'बीन' तेवढा हवा होता. त्यातून 'पुट' हे असं क्रियापद की त्याची तिन्ही रूपं सारखी, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. 'सेट अप', 'शट डाउन', 'कट ऑफ', 'लेट डाउन' यांचंही तसंच. या पाच क्रियापदांपाशी एक क्षण थांबून 'बीन' किंवा 'वॉज' आहे ना, ते बघत जा. आणि हो, पुढे ढकलण्याच्या अर्थी 'टू मंडे'पेक्षा 'टिल मंडे' किंवा 'अंटिल मंडे' जास्त रुळलेलं आहे.

मराठीत याच गोष्टीची आणखी दोन रूपं आहेत. 'सभा रद्द केली', 'सभा रद्द झाली', 'सभा रद्द करण्यात आली'. पहिलं घरातलं, दुसरं सगळीकडचं, तिसरं सूचनाफलकावरचं. तिन्हींचं इंग्रजी एकच : 'द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ.' यातलं 'झाली' सगळ्यात फसवं. 'झाली' म्हटल्यावर आपल्याला वाटतं की हे आपोआप घडलं, आणि मग 'द मीटिंग कॉल्ड ऑफ' असं निघून जातं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांच्या चुकांमध्ये ही मला सर्वांत जास्त वेळा भेटते, आणि ती करणारे बहुतेक जण मराठी उत्तम बोलणारे असतात.

आता दुसरं वाक्य, 'वॉज लुक्ड बाय अवर टीम'. इथे 'इंटू' हरवला. का हरवला? मराठीत आपण 'तक्रारीत लक्ष घातलं' म्हणतो. 'मुलाकडे पाहिलं', 'मला हसले', 'त्याच्यावर विसंबले'. यातले 'त', 'कडे', 'ला', 'वर' नामाला चिकटलेले आहेत. नाम हललं की ते त्याच्याबरोबर हलतात. आपल्या कानाला ते क्रियापदाचे वाटतच नाहीत. इंग्रजीत उलट आहे. 'लुक इंटू' मधला 'इंटू' उच्चारात तक्रारीच्या आधी येतो खरा, पण तक्रार उठून वाक्याच्या पुढे गेली की तो तिच्यामागे जात नाही. तो क्रियापदापाशीच थांबतो. 'युअर कम्प्लेंट वॉज लुक्ड इंटू बाय अवर टीम.' तसंच 'शी वॉज लाफ्ड ॲट', 'ही कॅन बी रिलाइड ऑन', 'द चाइल्ड इज बीइंग लुक्ड आफ्टर'.

मी याला थोरला शब्द आणि धाकटा शब्द म्हणते. 'लुक' थोरला, 'इंटू' धाकटा. वाक्यात काय वाटेल ती उलथापालथ होऊ दे, थोरल्याने धाकट्याचा हात सोडायचा नाही. काळ बदलतो तो थोरल्याच्या अलीकडे : इज बीइंग लुक्ड इंटू, हॅज बीन लुक्ड इंटू, विल बी लुक्ड इंटू, शुड हॅव बीन लुक्ड इंटू. डावीकडे कितीही गर्दी झाली तरी 'लुक्ड इंटू' ही जोडी जशीच्या तशी. करणारा सांगायचा तर तो जोडीच्या नंतर 'बाय' लावून येतो.

धाकटा इतका महत्त्वाचा का, हे कळायला आपलं 'वाऱ्यावर सोडणे' आठवा. 'मला वाऱ्यावर सोडलं गेलं' मधून 'वाऱ्यावर' काढून बघा. उरतं 'मला सोडलं गेलं', आणि अर्थ पार वेगळा झाला. 'आय वॉज लेट डाउन' मधून 'डाउन' काढलं तर तेवढंसुद्धा उरत नाही. 'अवर हाउस वॉज ब्रोकन इंटू' म्हणजे आमच्या घरी चोर शिरले. 'इंटू' गाळून 'अवर हाउस वॉज ब्रोकन' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला भिंती-छप्पर मोडलेलं दिसेल. अर्थ जोडीत असतो, थोरल्या एकट्याकडे नसतो. या जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ झालं ते १९२५ मध्ये लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लेखनामुळे, आणि त्यांना ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. म्हणजे शब्दकोश करणाऱ्यालाच जाणवलं होतं की हे दोन शब्द मिळून एक नोंद आहे. तुम्हीही मनाच्या वहीत ते एक शब्द म्हणूनच टिपा.

'लुक्ड आफ्टर बाय' बिनधास्त चालतं. 'ही वॉज लुक्ड आफ्टर बाय हिज आंट.' तिथे दोन शब्द शेजारी आलेले दिसतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. 'आफ्टर' मागच्या थोरल्याचा आहे आणि 'बाय' पुढच्या मावशीचा. बोलताना 'लुक्ड आफ्टर' एका दमात म्हणा, मग किंचित थांबून 'बाय हिज आंट' म्हणा, की अवघडलेपण जाईल. तीन शब्दांच्या जोड्यांना तर धाकटे दोन असतात, आणि तेही दोघं बरोबर जातात : 'द रूल वॉज डन अवे विथ' (नियम काढून टाकला), 'शी इज लुक्ड अप टू बाय एव्हरीवन' (तिला सगळे मानतात), 'ही हेटेड बीइंग लुक्ड डाउन ऑन' (कमी लेखलेलं त्याला खपत नसे). 'लुक्ड डाउन ऑन बाय' असे तीन लहान शब्द ओळीने आले तरी वाक्य शुद्ध असतं.

वाक्य 'विथ', 'ॲट', 'ऑन' यांवर संपलं की अनेकांना ते अर्धवट वाटतं. ही भीती जुनी आहे. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनात असे शेवटी आलेले शब्द हा दोष म्हणून दाखवला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांनी तो नियम करून टाकला. १९२६ मध्ये कोशकार एच. डब्ल्यू. फाउलर यांनी तो नियम म्हणजे अंधश्रद्धा आहे असं स्पष्ट लिहिलं. पॅसिव्हमध्ये तर दुसरा मार्गच नाही. 'द प्रॉब्लेम हॅज बीन डेल्ट विथ.' पूर्णविराम द्या आणि पुढे चला.

एक गोष्ट पॅसिव्हमध्ये उलट सोपी होते, आणि ती कोणी सांगत नाही. 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणे. ॲक्टिव्ह वाक्यात 'टर्न डाउन द ऑफर' चालतं, 'टर्न द ऑफर डाउन' चालतं, 'टर्न इट डाउन' चालतं, पण 'टर्न डाउन इट' चालत नाही. कर्म मध्ये घालायचं की शेवटी, याचा सतत विचार करावा लागतो. पॅसिव्हमध्ये कर्म उठून पुढे गेलेलं असतं, त्यामुळे मध्ये बसायला कोणी उरतच नाही. 'द ऑफर वॉज टर्न्ड डाउन', 'इट वॉज टर्न्ड डाउन'. फक्त जुन्या सवयीने 'द ऑफर वॉज टर्न्ड इट डाउन' होऊ देऊ नका. पुढे गेलेल्याची जागा मागे राखून ठेवायची नसते.

आता 'आय वॉज ग्रोन अप'. हे माझंही दुखणं होतं, म्हणून जरा सविस्तर. पॅसिव्ह फक्त सकर्मक क्रियापदाचा होतो. जे क्रियापद दुसऱ्यावर काही करतच नाही, त्याचं काय उलटवणार? मराठीत या बाबतीत आपल्याकडे मोठी संपत्ती आहे : वाढणे आणि वाढवणे, तुटणे आणि तोडणे, उडणे आणि उडवणे, बंद पडणे आणि बंद पाडणे. इंग्रजी 'ग्रो अप' म्हणजे वाढणे, मोठं होणे. 'ब्रिंग अप' म्हणजे वाढवणे. मी वाढले : 'आय ग्रू अप.' मला आजीने वाढवलं : 'आय वॉज ब्रॉट अप बाय माय ग्रँडमदर.' माझ्या अर्जात हे वाक्य हवं होतं.

हीच कसोटी इतरांना लावा. गाडी बंद पडली : 'द कार ब्रोक डाउन', इथे 'वॉज' नको. कारखाना बंद पाडला : 'द फॅक्टरी वॉज शट डाउन', इथे 'वॉज' हवा. काही इंग्रजी जोड्या दोन्ही बाजूंनी चालतात, तेव्हा ही मराठी जोडी फारच कामाला येते. पूल उडाला, 'द ब्रिज ब्लू अप'. पूल उडवला, 'द ब्रिज वॉज ब्लोन अप'. 'ब्रेक डाउन'चंही असंच : दार पाडून आत शिरले तर 'द डोअर वॉज ब्रोकन डाउन' अगदी बरोबर. 'टेक ऑफ' विमानाचं असेल तर 'द प्लेन टुक ऑफ', पण फलक भिंतीवरून काढला असेल तर 'द साइन वॉज टेकन ऑफ द वॉल'.

मात्र ही कसोटी 'होणे'पाशी लावू नका. 'रद्द झाली', 'सुरू झालं', 'स्थापन झाली' ही मराठीत दोन्हीकडे झुकणारी रूपं आहेत. तिथे थेट इंग्रजी क्रियापदालाच विचारा, 'काय?' कॉल ऑफ काय? सभा. उत्तर मिळालं, म्हणजे पॅसिव्ह होतो. सेट अप काय? समिती. 'अ कमिटी वॉज सेट अप.' शो अप, म्हणजे हजर होणे, काय? उत्तर नाही. मग पॅसिव्हही नाही.

उत्तर मिळूनही पॅसिव्ह नको वाटतो अशा थोड्या जोड्या आहेत. 'टेक आफ्टर' म्हणजे कुणाच्या वळणावर जाणं, पण 'हर मदर इज टेकन आफ्टर बाय हर' असं कोणी म्हणत नाही. 'वी रॅन आउट ऑफ पेपर'चा पॅसिव्ह करू नका, 'द पेपर रॅन आउट' म्हणा. 'कम अक्रॉस' आणि 'कम अप विथ' यांचंही तेच. 'अ सोल्युशन वॉज कम अप विथ' कानाला बोचतं, तिथे 'अ सोल्युशन वॉज फाउंड' साधं आणि सुरेख. याचा पक्का नियम सांगणं कठीण, पण यातल्या बऱ्याच जोड्यांमध्ये वाक्यातलं दुसरं माणूस किंवा वस्तू जागची हलत नाही, तिच्यावर काही केलं जात नाही. आई आहे तिथेच असते, मुलगी तिच्यासारखी दिसते.

उच्चाराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमची भीती बोलण्याचीही आहे म्हणून सांगते. 'कॉल्ड ऑफ', 'टर्न्ड डाउन', 'लेड ऑफ' यांत जोर धाकट्यावर येतो. 'रिलाइड ऑन', 'लाफ्ड ॲट' यांत तो थोरल्यावर. आणि शेवटी आलेला 'ॲट' तोंडातल्या तोंडात गिळायचा नाही, पूर्ण म्हणायचा. धाकटा स्पष्ट ऐकू आला की समोरच्याला अर्थ लगेच पोचतो, आणि बोलणाऱ्यालाही धीर येतो.

रोजच्या बोलण्यात 'वॉज'च्या जागी 'गॉट' फार ऐकू येईल : 'आय गॉट टोल्ड ऑफ', 'ही गॉट किक्ड आउट', 'वी गॉट लेफ्ट आउट'. ते चूक नाही, मित्रमंडळींत अगदी सहज चालतं. कामाच्या पत्रात 'वॉज' ठेवा. उशीर झाला तर 'सॉरी, आय वॉज हेल्ड अप' हे वाक्य कुठेही शोभतं, ते आजच तोंडात बसवून टाका.

'आय ॲम फेड अप', 'आय ॲम वोर्न आउट' दिसायला पॅसिव्ह आहेत, पण बोलणाऱ्यासाठी ती विशेषणंच झाली आहेत. म्हणून 'फेड अप'पुढे 'बाय'पेक्षा 'विथ' येतो. तसंच जोडी नामाच्या आधी आली की लिहिताना मध्ये छोटी रेघ येते : 'अ मेड-अप स्टोरी', पण 'द स्टोरी वॉज मेड अप' मध्ये रेघ नाही.

अर्थ बदलतात त्याचीही एक खूण आहे. 'द ट्रिप वॉज पुट ऑफ टिल जून' म्हणजे सहल पुढे ढकलली. 'आय वॉज पुट ऑफ बाय हिज टोन' म्हणजे त्याच्या स्वरामुळे माझं मन उडालं. जोडी तीच, पण पहिल्या जागी वस्तू आहे की माणूस, आणि मागे 'टिल' आहे की 'बाय', यावरून अर्थ उलगडतो. 'टेकन इन'ही तसंच : 'द ऑर्फन वॉज टेकन इन' मध्ये पोरक्या मुलाला आसरा मिळाला, 'आय वॉज टेकन इन बाय हिज प्रॉमिसेस' मध्ये मी त्याच्या वचनांना भुलले. म्हणूनच तुमच्या यादीच्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे : यादी नको. 'पुट ऑफ बरोबर ढकलणे' अशी नोंद करू नका, पूर्ण वाक्य लिहा, 'वॉज'सकट आणि पुढच्या शब्दासकट. दिवसाला एकच जोडी घ्या. तिचं वाक्य कालचं करा, आत्ता चालू असलेलं करा, उद्याचं करा, आणि मोठ्याने म्हणा. बातम्या आणि जाहीर सूचना वाचताना असे पॅसिव्ह सापडतीलच, कारण तिथे करणारा माहीत नसतो किंवा त्याला महत्त्व नसतं : कॅरीड आउट, हँडेड ओव्हर, रूल्ड आउट, लेड ऑफ. 'आय वॉज लेड ऑफ' हे वाक्य 'मला कामावरून कमी केलं' याच्या किती जवळ आहे बघा. करणारा दोन्हीकडे गाळलेला, आणि ज्याच्यावर वेळ आली तो मध्यभागी.

कामाच्या पत्रात मात्र एक काळजी घ्या. 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इंटू' हे वाक्य शुद्ध आहे, पण तक्रार करणाऱ्याला त्यातून कोण बघतंय आणि उत्तर कधी येणार हे कळत नाही. अडलेल्या माणसाला हे दोन्ही हवं असतं. जिथे नाव आणि दिवस सांगता येतो तिथे सांगा, मग पॅसिव्ह ठेवा किंवा ठेवू नका.

गेलेले ईमेल दुरुस्त करून पुन्हा पाठवायची गरज नाही. वाचणाऱ्यांना बैठक सोमवारी आहे हे कळलं होतं. पुढच्या वेळी बैठक हलली की लिहा, 'द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे', आणि ज्यांनी तक्रार केली आहे त्यांना लिहा, 'युअर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इंटू बाय अवर टीम, अँड यू विल हिअर फ्रॉम अस बाय फ्रायडे.' पाठवण्याआधी दोन्ही एकदा मोठ्याने वाचा. आणि पुढच्या बैठकीत जे बोलायचं असेल ते बोला.